एकावर एक झगे

आमच्या लहानपणी परदेशी जायला समुद्र ओलांडावा लागत नसे. औरादकडच्या आमच्या गावातून बैलगाडीनं उदगीर, तिथून मोटारीनं लातूर आणि लातूरहून छोट्या आगगाडीनं बार्शी. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, आणि आम्ही मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. राजा वेगळा, नाणं वेगळं आणि मधे जकातीचा नाका. मामा बार्शीला गिरणीत कारकून होता, त्यामुळे दर उन्हाळ्यात आईबरोबर मी परदेशी जाऊन येत असे. हे मी अजूनही लोकांना ऐकवते.

गावात आमचं खाऊनपिऊन सुखी घर. मला रोजचे दोन परकर आणि सणाचा एक, म्हणजे पोरींमध्ये मी सावकारीणच. तोराही तसाच होता. माझी जिवाभावाची मैत्रीण म्हणजे आमच्या सालगड्याची मुलगी. तिला एकच परकर. तो धुतला की वाळेपर्यंत आईचं जुनेर गुंडाळून ती घरात बसायची. यात मला काही वावगं वाटत नसे. कुणाच्या दारात गाय असते, कुणाच्या शेळी, तसंच हेही.

घोटाळा केला तो शाळेनं. शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, आणि तिच्या आईला सुट्टी बाजाराच्या दिवशी. जुम्म्याला मैत्रीण आईबरोबर खुरपायला जायची, मग परकराला पाणी लागायचं ते बाजाराच्याच दिवशी. दर बाजाराला पोर गैरहजर. मास्तर मनानं वाईट नव्हते, पण हजेरीला कडक. उन्हाळ्याची सुट्टी लागताना त्यांनी तिला बजावलं, "सुट्टीनंतर एक बाजार जरी बुडाला, तरी नाव खारीज."

पाढे तिला माझ्याआधी यायचे. मी अडले की ओठ न हलवता ती मला सांगायची. ती गेली तर माझं कसं व्हायचं, ही माझी काळजी. तिची माझ्याहून मोठी होती.

"साळा सुटली की मला शेळ्यामागं धाडतेत बघ," ती म्हणाली. "तू मामाकडं जायलीस न्हवं? तिथं लई असतंय म्हणं. मला एक आण की."

एक म्हणजे अंगात घालायचं काहीही. मी ऐटीत म्हटलं, "त्यात काय, आणते की!"

बार्शीच्या घरात पाऊल टाकलं आणि माझी सावकारी उंबऱ्याबाहेरच राहिली. मामेबहिणीकडे खुंटीभर झगे, पट्ट्याचे बूट आणि टप्पे घेणारा रबरी चेंडू. पहिल्याच दिवशी तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमचा राजा जगात सगळ्यांत श्रीमंत आहे ना गं?"

"व्हय मग!"

"मग तुझ्या पायात चपला का नाहीत?"

राजाच्या हिऱ्यांचा आणि माझ्या पायांचा काही संबंध असू शकतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण प्रश्न मुलखाच्या अब्रूचा होता. "आमच्याकडं वाटा मऊ असतेत," मी ठोकून दिलं.

बहिणीला वाटलं असेल खरं. पण तीही काही सुखात नव्हती. समोरच्या अडत्याच्या मुलाला तीन चाकांची सायकल आली होती, म्हणून ती दोन दिवस फुगून बसली होती. शिवाय मामीच्या बिस्किटांच्या डब्यावर एक गोरी पोर होती. अंगात झालरीचा झगा, पायात पांढरे मोजे, शेजारी स्वतःचं तट्टू. बहीण त्या डब्याकडे बघून उसासा टाकायची. "विलायतेत सगळ्या मुली अशाच असतात. आपण बाई गरीब!" आपण म्हणे! मला हसू आलं. त्या तट्टूवालीलाही आणखी कुणाचं तरी काहीतरी हवं असणार, अशी मला तेव्हाच शंका आली.

निघायच्या आधी मामी म्हणाली, "तुला एक झगा शिवलाय. शिवाय चपला घेऊ या."

"चपला नको. अजून एक झगा दे."

आई डोळे वटारून बघत राहिली. मी मोठा त्याग केला असं कुणी समजू नये. चपला घालून गावात हिंडले असते तर पोरांनी हसून हसून जीव नकोसा केला असता. पण झगा कुणाला हवाय ते सांगितलं, तेव्हा मामीनं त्याच कापडाचा दुसरा झगा शिवायला घेतला, आणि त्याला खाली चांगली रुंद दुमड घातली, पुढे उसवून लांब करता यावा म्हणून.

आता राहिला नाका. नव्या कापडावर जकात, अंगावरच्या वापरत्या कपड्याला माफी. त्यामुळे येताना प्रत्येक घरची पोरं गलेलठ्ठ होऊन यायची. आईनं दोन्ही झगे माझ्या परकर-पोलक्यावर एकावर एक चढवले, त्यांना तेलाचा हात पुसला आणि म्हणाली, "लोळ आता खाली." एरवी मातीत बसलं की पाठीत धपाटा, आणि आज आगगाडीच्या डब्यात लोळायचा हुकूम! मी मनसोक्त लोळले.

नाक्यावरचा शिपाई माझ्यासमोर उभा राहिला. वैशाखाचं ऊन, मी घामानं निथळत होते.

"क्या गे, इत्ते कपडे कैकू पहनी?"

आईनं गप्प राहायला सांगितलं होतं. पण दुसरा झगा उतरवून घेतील या भीतीनं माझी जीभ सुटली. "आम्ही श्रीमंत हाव. आमच्यात असंच घालतेत!"

त्याची नजर हळूहळू खाली गेली. तापलेल्या फरशीवर मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत होते. तो इतका हसला की दुसरा शिपाई बघायला आला. "जाव, शहजादी, जाव!"

गावी पोचल्या पोचल्या झगा मैत्रिणीच्या हातात दिला. तिनं तो आधी हुंगला, मग छातीशी धरून घराकडे धूम ठोकली.

शाळा उघडली. पहिला बाजार आला. माझे डोळे दाराकडे. ती आली नाही. मास्तरांनी हजेरी सुरू केली, तिचं नाव घेतलं, आणि दारातून बारीक आवाज आला, "हाजिर!"

दारात तिची धाकटी बहीण उभी होती. अंगात माझ्यासारखाच झगा, पार घोट्यापर्यंत. "अक्कानं सांगितलंय, माझ्या नावाला तू व्हय म्हण." त्यांच्या आईनं झगा धाकटीला घातला होता. थोरलीला, वाळत पडलेला का होईना, एक परकर होता तरी. धाकटीला काहीच नव्हतं.

वर्ग हसला. मास्तर नाही हसले. ते "बस" म्हणाले आणि थोरलीच्या नावापुढे हजेरी मांडली.

मधल्या सुट्टीत ती पोर सुसाट सुटली. शाळेला फेऱ्या मारल्या, पारावर चढली, उडी मारली, पुन्हा पळाली. तिच्याकडे बघता बघता मला एकदम रडू फुटलं. त्यांच्या घरी मी रोज जायचे. ती कायम कोपऱ्यात पोतं पांघरून बसलेली असायची, आणि इतके दिवस मी समजत होते की तिला चालता येत नाही.