कोरा पुठ्ठा

युसुफभाई रोज सकाळी माझ्या दारात पुठ्ठा घेऊन उभे राहत. केळीच्या खोक्याचा, हातभर लांब. ट्रक लावला की तो इंजिनाखाली सरकवायचा आणि सकाळी त्यावर पडलेले तेलाचे डाग मला दाखवायचे, हा त्यांचा नेम. "हा पुढच्या सीलचा. हा मोठा, चेंबरचा. कालच्यापेक्षा बरा आहे ताई." घरच्या आजाऱ्याचा ताप सांगावा तसं सांगत.

आमचा एकच ट्रक. नवऱ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून त्याचा कारभार माझ्याकडे आला. घर जळगावात, केळी भरायची सावद्याला, न्यायची धुळ्यावरून पुढे. युसुफभाई सावद्याचे, पहाटेच्या बसने येत. ट्रक घेतल्यापासून तेच चालवत होते. किलोमीटरचा काटा केव्हाच बंद पडला होता, इंजिन मात्र चालत होतं. चालत होतं आणि गळत होतं.

कागदावर उतरवल्याशिवाय मला काही सुचत नाही. एका बाजूला 'उघडून दुरुस्त', दुसऱ्या बाजूला 'दुसरं बसवणं' असं लिहून तो कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. केळीचे दोन हंगाम तो तिथेच राहिला. विषय काढला की युसुफभाई मान हलवत. "बदलू नका ताई. हे सांगून आजारी पडतं. नवं न सांगता पडेल, मग काय कराल?"

"तुम्ही इंजिनाचे ड्रायव्हर आहात की वकील?"

"ड्रायव्हर. म्हणून तर रोज खाली वाकतो. वकील वाकतो का?"

उन्हाळ्यातल्या एका सकाळी पुठ्ठा कोरा निघाला. पेढ्यांचं ताट धरावं तसा दोन्ही हातांनी धरून ते आले. "थांबलं ताई! आपोआप थांबलं!" मलाही हायसं वाटलं, डोक्यामागची एक कटकट कमी झाली. एरवी पुठ्ठा पाहून झाला की ते इंजिनातली काठी ओढून तेल किती आहे ते बघत. त्या दिवशी पुठ्ठ्यावरच समाधान झालं आणि गाडी निघाली.

सावद्याहून केळी भरून धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या पुढे इंजिन बंद पडलं. गळायचं थांबलं नव्हतं. गळायला तेलच उरलं नव्हतं. भर उन्हात माल दुसऱ्या गाडीत भरला, ट्रक ओढत धुळ्याच्या गॅरेजला नेला. मी बसने पोहोचले तेव्हा मिस्त्री गाडीखालून बाहेर येत होता.

"ताई, यामा आते दम नही शे. बठ्ठं घासाई गयं." आतलं सगळंच झिजलंय, असं तो अहिराणीत सांगत होता.

"उघडून दुरुस्त करा. बोअर करा, क्रँक घासा," युसुफभाई म्हणाले. "मी इथेच थांबतो."

"करसू. पन वरीसमा परत इथंच येशात."

मिस्त्रीने युसुफभाईंना केबिनमध्ये बसवून किल्ली फिरवायला सांगितली. तेल कमी झाल्याचा इशारा देणारा बझर किंचाळायला लागला. मला खाली उभ्या उभ्या कानावर हात ठेवावासा वाटला.

"बझर तं वाजी ऱ्हायना शे," मिस्त्री ओरडला. "भाऊ, तुम्हले ऐकू उना नही?"

युसुफभाईंनी समोरच्या काट्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"वाजतोय?"

मी मान हलवली. त्यांनी किल्ली बंद केली. गियरच्या दांड्यावर तळवा ठेवून म्हणाले, "कान गेले तसं माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखतो, गाडीचं इथून ऐकतो ताई. याची थरथर ओळखीची आहे. नव्याची कुठून ओळखू?"

इतके दिवस ते इंजिनाची बाजू का लढवत होते, ते आता कळलं. समोर आलेला चहा संपेपर्यंत मी विचार केला. कागद घरी होता, पण आता त्याची गरज नव्हती.

"दुसरं बसवा," मी मिस्त्रीला सांगितलं.

युसुफभाई वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझा रिकामा कप उचलून टपरीवर नेऊन दिला.

"नवं इंजिन बसल्यावर गाडी घरी मी आणतो," एवढंच त्यांनी मागितलं. मी शेजारी बसले. मागून हॉर्न वाजला की मी त्यांच्या खांद्याला हात लावायचे, ते गाडी बाजूला घ्यायचे. धुळे ते जळगाव आम्ही असेच आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुठ्ठा घेऊन दारात आले. त्यावर ट्रकची किल्ली ठेवलेली होती.

"कोरा आहे ताई. पण कोऱ्या पुठ्ठ्यावर माझा आता भरवसा नाही."

किल्ली मी उचलली. पुठ्ठा त्यांनी घडी करून काखेत मारला आणि सावद्याच्या बसला गेले.

आता दुसरा ड्रायव्हर आहे. सकाळी युसुफभाईंचा फोन येतो. "ताई, काठी बघितली का?" मी "हो" म्हणते. "बघितली का?" मी ओरडून सांगते. त्यांना ऐकू येत नाही, ते परत विचारतात. मग मी फोन ठेवते, चप्पल घालून अंगणात जाते आणि ड्रायव्हर कंटाळून म्हणतो, "ताई, नवं इंजिन आहे, गळत नाही." त्याला काठी ओढायला लावते, तिचा फोटो काढून सावद्याला पाठवते. तेव्हा कुठे फोन थांबतो.