बारा फॉर्म आणि नऊ माणसं

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण भूगोलाची मला भारी हौस; मुलांची पुस्तकं त्यांच्याआधी मीच वाचून काढायची. त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला नकाशा काढायचा असला की पोरं माझ्या दारात. सत्तरी गाठली तरी ते चालूच आहे.

गेल्या वर्षी शेजारच्या खोलीतली नववीतली मुलगी क्षेत्रभेटीचा प्रकल्प घेऊन आली. वरळी कोळीवाड्यात घरोघर माहिती घ्यायची, आणि शेवटच्या पानावर मोठ्या माणसाची सही हवी, की हे काम हिने स्वतः केलंय. सहीशिवाय शाळा प्रकल्प घेणार नाही. आई-वडील दोघं कामाला, म्हणून मार्गदर्शक म्हणून सही मी करायची ठरलं. फॉर्मही मीच तयार करून दिला. नाव, घरात माणसं किती, घर किती जुनं, कुणाच्या नावावर, किती चौरस फूट. मला वाटलं, काय बाई पद्धतशीर झालं.

दोन दिवस मैत्रिणीबरोबर जाऊन तिनं बारा फॉर्म भरून आणले. मी चष्मा लावून बसले. पहिल्या घरात माणसं नऊ, घर सासऱ्यांच्या नावावर, चौरस फूट माहीत नाही. दुसऱ्या घरात नऊ. तिसऱ्यात नऊ. बाराव्यापर्यंत नऊच.

“काय गं, कोळीवाड्यात कुणाला दहावं माणूसच नाही?”

“त्यांनी सांगितलं ते लिहिलं, आजी.”

“सगळीकडे अक्षर पण एकच.”

“लिहिलंय मी. मग अक्षर कुणाचं असणार?”

उत्तर बरोबर होतं, पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. घरी बसून भरले असणार. ती गेल्यावर मी गॅलरीत जाऊन तिच्या दारातली चप्पल उचलून पाहिली. हो, हुंगली सुद्धा. मासळीत दोन दिवस फिरलेल्या चपलेला वास नको? साबणाचा येत होता. मग तर खात्रीच पटली. तिच्या आईनं चपला धुतल्या असतील, हे काही डोक्यात आलं नाही.

“उद्या मी येते. बघू कोण ओळखतं तुला. नाहीतर सही विसर,” मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बसनं दोघी गेलो. पहिल्याच दारात एक बाई जवळा निवडत होती. ही आणि हिची मैत्रीण, अशा दोन मुली आल्या होत्या का, म्हणून मी विचारलं.

“कोन मुली? आमी नाय बघितल्या.”

पुढच्या दारीही तेच. मुलीचे डोळे भरून आले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्या घराशी, बोंबील वाळत घातले होते त्या बांबूंखाली, एक म्हातारी कोळीण बसली होती. तिनं मलाच हाक मारली.

“इकडं ये गो. कोन्च्या बिल्डरची तू? आधी पोरी पाठवतेस, आन मागून स्वतः येतेस?”

“बिल्डर कसला? शाळेचा अभ्यास आहे.”

“घर कुनाच्या नावावर, किती फूट, हे शिकवतात शाळेत? आमचं ठरलंय. कागद घेऊन कोनी आला की मानसं नऊ आन घर सासऱ्याचं. तोच परत विचारायला आला, तर कोनी आलंच नव्हतं.”

चार वर्षांपूर्वी आमच्या चाळीत बिल्डरचे मोजणीवाले आले, तेव्हा अख्ख्या मजल्याला काय सांगायचं ते पढवणारी मीच. आणि माझ्या फॉर्मातले प्रश्न कुठून आले होते? त्या मोजणीवाल्यांच्याच कागदावरून, डोक्यात राहून गेलेले.

“दे ते कागद. आमची नावं हायत त्यावर,” म्हातारीनं हात पुढं केला.

फॉर्म गेले की प्रकल्पात उरणार काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनं बाराच्या बारा कागद तिच्या हातात ठेवले. म्हातारीनं मोजून घेतले आणि सरकून जागा केली.

“बस हितं. घराचं सोडून काय पन विचार.”

मग वाऱ्याचं, सुकवायचं, कुठल्या महिन्यात होड्या बंद त्याचं, असं मुलगी तास-दीड तास विचारत राहिली. मला कुणी काही विचारलं नाही.

चार दिवसांनी ती वही घेऊन आली.

“आजी, आधी वाचा. नाहीतर परत चौकशीला जाल.”

न वाचता सही केली असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी वाचलंच, अक्षर न् अक्षर. ‘आलेल्या अडचणी’ ह्या मथळ्याखाली तिनं लिहिलं होतं: पहिले फॉर्म परत दिले, कारण प्रश्न चुकीचे होते. प्रश्न मार्गदर्शकांनी काढले होते.

“हे ठेवायलाच हवं का गं?”

“खरं आहे ना?”

मी पेन मागितलं आणि सही केली.