बिनमहिन्याचे धोंडे

मुलीला जाऊन वर्ष भरत आलं, तेव्हा मी रडणं थांबवलं आणि भांडायला सुरुवात केली. रडणाऱ्या बाईला सगळे सांभाळून घेतात. पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात. तीच बाई भांडायला लागली की म्हणतात, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. माझ्याबद्दलही म्हणाले. म्हणू देत.

आमचं गाव मेहकरपासून पायी दीड तासाच्या वाटेवर. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी काढायची आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या मेहकरला न्यायच्या. घरात चौघं होतो. सासूबाई, आमचे हे, मी आणि मुलगी. ती सात वर्षांची होती, नुकतीच दुसरीत गेलेली. बोलायला भारी फटकळ. आईवर गेली, असं सासूबाई म्हणायच्या आणि ते काही कौतुकानं म्हणायच्या नाहीत.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली अधिक श्रावण आला होता. तीनेक वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले गोळे, वर तुपाची धार. एरवी कोणी धोंडे करत नाही. विचारसुद्धा करत नाही.

नणंदेचे यजमान देऊळगाव राजाहून यायचे होते आणि मोटार काही येत नव्हती. मुलगी शाळेतून भुकेली आली आणि चुलीपाशी फतकल मारून बसली. घरभर पुरणाचा वास.

"आई, एक दे ना. एकच."

"पहिले जवायाचं ताट, मंग तुहं," सासूबाई ओसरीवरूनच म्हणाल्या.

तिनं गुपचूप हात पुढे केला. मी त्या हातावर चापट मारली. जोरात नव्हती, पण मारली. ती हात चोळत म्हणाली, "मोठी झाली ना का, मी जवाईच होईन, पायजो तू!" ओसरीवर सासूबाईसुद्धा हसल्या. मीही हसले. पण धोंडा दिला नाही.

जावई आले तेव्हा ती कोपऱ्यात गोधडीवर पडली होती. अंग तापलेलं. ताट वाढलं तर तिनं तोंड फिरवलं. मग उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मेहकरच्या दवाखान्यात नेत असताना, बैलगाडीत, माझ्या मांडीवर ती गेली. धोंडा तिनं खाल्लाच नाही. इतकी वर्षं झाली, तो धोंडा माझ्या घशात अडकलेलाच आहे.

लहान लेकराला आमच्यात पुरतात. दहावा नाही, तेरावा नाही. त्याच्या नावानं पान वाढत नाहीत. आयाबाया म्हणाल्या, "तू तरनीताठी हायेस, दुसरं होईन." जणू मडकं फुटलं होतं आणि बाजारातून दुसरं आणायचं होतं. पुढे मुलगा झाला, तेव्हा लोकांना वाटलं, झाली बरोबरी. मला नाही वाटलं. पण ते नंतरचं.

वर्ष भरत आलं तशी मी गावातल्या जोशी महाराजांकडे गेले. म्हटलं, "महाराज, पोरीची तिथी कधी येते ते सांगा."

त्यांनी पंचांग उघडलं आणि लगेच मिटलं. माणूस मनानं चांगला होता. म्हणाले, "बाई, अधिक महिन्यातलं हाये. मोठ्या मानसाचं असतं तर निज श्रावणातली तिथी धरली असती. लेकराले काही नसते."

"निज श्रावण तिनं पाह्यलाच नाही, महाराज. तो लागला तवा ती नव्हती."

"मंग अधिक श्रावणच पाह्यजे म्हनशीन, तर तो एकोनीस वर्सांशिवाय येत नाही."

एकोणीस वर्षं. मी तिथेच उभी राहून मोजलं. ती सव्वीस वर्षांची झाली असती. तिला एकदा थांब म्हटलं होतं, तेवढं पुरे होतं. आता ना तिनं थांबायचं, ना मी.

तिथून मी घरी न जाता शाळेत गेले. मी चौथी शिकलेली. त्या शिक्षणाचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. गुरुजींना म्हटलं, गेल्या सालचं हजेरीपत्रक दाखवा. ते चाचरले. मग कपाटातून काढून दिलं.

तिच्या नावापुढे ओळीनं ह, ह, ह. मग दोन दिवस गै. तिसऱ्या दिवसापासून लाल शाईची रेघ आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. मयत.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "मले लिहा लागलं, बाई."

"बरं केलं गुरुजी. तुमच्याबिगर कोनी लिहिलंच नाही."

रेघ सुरू होत होती त्या रकान्यावर तारीख होती. इंग्रजी तारीख. ती इथे लिहीत नाही, ती माझी आहे. पण मला इतका धीर आला की काय सांगू. महिना अधिक असो की निज, तारीख दर साली येते. तिला कोणी आडवं येत नाही. घरी येऊन मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ती तारीख लिहिली आणि सांगून टाकलं, या दिवशी धोंडे होतील.

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "धोंड्याचा महिना नाही, जवाई नाही, अन् धोंडे? लोक हासतीन वं."

"हासू द्या, आत्याबाई."

"इंग्रजाच्या तारखीनं कोनाचं सराध होते का?"

"सराध नाही करून राह्यली मी. पोरगी भुकेली गेली, तिले जेवू घालून राह्यली."

त्या पुन्हा सूप पाखडू लागल्या. आमच्या ह्यांचा स्वभाव मुळातच अबोल, मी रागावले की आणखी अबोल. बाजाराहून आले तेव्हा टोपलीत एक गुळाची भेली होती. ती त्यांनी चुलीपाशी ठेवली आणि बैल सोडायला निघून गेले. मला तेवढं पुष्कळ झालं.

त्या तारखेला मी धोंडे केले. सासूबाई सकाळीच मळ्यात निघून गेल्या आणि दिवसभर विहिरीवर बसून राहिल्या. मी मुलीची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली घासून मांडली. तिच्यात पहिला धोंडा ठेवला, वर तूप वाढलं. ह्यांनी ताटलीला हात जोडले आणि समोर बसून राहिले. मी रडले नाही. मला राग होता. वाट बघ म्हणणाऱ्या रीतीचा, एकोणीस वर्षांचा, सगळ्यात जास्त माझ्या हाताचा. त्या रागाच्या जोरावरच मी उभी होते.

उरलेले धोंडे टोपलीत घालून शाळेत नेले. तिच्या वर्गातल्या पोरी आता तिसरीत होत्या. एकीनं धोंडा हातात घेतला आणि विचारलं, "काकू, धोंड्याचा महिना लागला का?"

"हाव," मी म्हटलं. "आमच्या घरी लागला."

गाव हसलंच. बिनमहिन्याचे धोंडे, असं माझंच नाव पडलं. पाणवठ्यावर बाया कुजबुजायच्या. मी पुढच्या साली पुन्हा केले, त्याच्या पुढच्या सालीही. सासूबाई दर वेळी मळ्यात जायच्या. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. दिवाळीआधी त्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कोळशाचे ते आकडे त्या अलगद सोडून द्यायच्या. सगळी भिंत पांढरी आणि मधे हातभर जागा धुरकट, तशीच. 

त्या अधिक श्रावणानंतर तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला, या वेळी आषाढ. पुन्हा देऊळगाव राजाहून जावई आले. मी आठ दिवस आधीपासून मनात भांडण जुळवून ठेवलं होतं. पहिलं ताट मुलीचं वाढायचं, मग जावयाचं. कोणी काही बोललं तर काय उत्तर द्यायचं, तेही ठरलेलं. जावई रुसून उठून गेले तरी चालेल, नणंदेनं माहेर सोडलं तरी चालेल, इथवर माझी तयारी होती. जावई माणूस साधा, पण रीत म्हणजे रीत.

ते पाटावर बसले. समोर ताट आलं. मी उतरंडीमागची जर्मनची ताटली काढायला वळले, तर ती जागेवर नव्हती. मी सगळी उतरंड हलवून पाहिली. दात आवळून बाहेर आले.

ताटली सासूबाईंच्या हातात होती. राखेनं घासून लख्ख केलेली. त्यांनी ती जावयाच्या ताटाच्या पुढे, मानाच्या जागी मांडली.

"थांबा बापू," त्या जावयांना म्हणाल्या. "पहिले लहान्या जवायाचं ताट."

जावयांना काही कळलं की नाही कोण जाणे. घास घ्यायला उचललेला हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि ते थांबले. मी ताटलीत धोंडा वाढला. सासूबाईंनी त्यावर तुपाची धार सोडली, वाटी रिकामी होईपर्यंत. मी जुळवून ठेवलेलं सगळं भांडण तसंच राहिलं. आता भांडायला समोर कोणीच नव्हतं, आणि मला रडू आलं.