कोऱ्या कोडमधून आलेली ओळ

एका सुभेदारांना मी बाळंतीण केलं होतं. हसा, मीही आता हसते. तेव्हा मात्र नोकरी जायची वेळ आलती.

बेळगावात रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट काढायला होते. चाळिशीत कॉम्प्युटर शिकलेली बाई... अंगात किती वारं भरलं असेल बघा. साधे रिपोर्ट निघत होते, तेवढ्यावर माझं भागेना. रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला कोड घालायला एक वेगळी खिडकी असते. तिथं फंक्शन, म्हणजे हुकमांचा एक तुकडा, लिहायचा आणि रिपोर्टवरच्या चौकटीतून त्याला बोलवायचं. मी लिहिलं, की आकडा कमी-जास्त असला तर लाल व्हावा आणि खाली डॉक्टरांचा शेरा यावा. फक्त शेरा ठेवायचा डबा, व्हेरिएबल म्हणतात त्याला, सगळ्या पेशंटांत मिळून एकच ठेवला — हा माझा शहाणपणा. आधीच्या बाईचा शेरा पुढच्याला चिकटला, आणि झुपकेदार मिशांच्या रिटायर्ड सुभेदारांच्या रिपोर्टखाली छापून आलं, "बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा."

डॉक्टर मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाले, "आक्का, हुशारी घरी ठेवून यायची. परत असं झालं तर तुम्हीपण घरीच."

सगळा कोड पुसला. खिडकी कोरी केली. शेऱ्याची चौकट तेवढी राहिली, रिकामी.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हे, हे आधीच सांगते. वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल. आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची, अंगारे-धुपारे नाहीत. वखारीत पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते म्हणून बायका भ्यायच्या, तर आई म्हणायची, "मजुरी वाढवून मागितली की मगच दिसती ती." अशा आईची मी लेक.

कोड पुसल्याला बरेच दिवस झाले होते. एका दुपारी गुंजीहून, जंगलाकडच्या लांबच्या गावाहून, रेणुका आली. लग्नाला वर्ष न झालेली पोर, तापानं डोळे लाल, सोबत नवरा. रक्त दिलं, बाहेर बाकावर बसली. तिचे आकडे माझ्याकडं आले ते सगळे चांगले. प्रिंट काढली आणि खाली नजर गेली.

"आईचं रक्त परत बघा."

कागद पटकन पालथा घातला. भुताच्या नव्हे, डॉक्टरांच्या भीतीनं. वाटलं, माझा जुना घोळ उकरून निघाला. कोडची खिडकी उघडली — कोरी. डॉक्टरांचे शेरे साठतात तिथं ही ओळ शोधली — नाही. माझ्या फंक्शनात असले शब्द कधी नव्हतेच. दुसऱ्या दोघांचे रिपोर्ट स्क्रीनवर उघडले, ते स्वच्छ. मग शेऱ्याची चौकटच उडवली आणि रेणुकाचा परत काढला. चौकट नव्हती. ओळ होती, तिथंच.

आणि आई कुणाची? ही तर स्वतःच पोरसवदा.

"आक्का, द्या की वो कागद," रेणुका दारात येऊन म्हणाली. "गाडी चुकंल. मग रातभर स्टेशनावर बसाय लागंल."

मी काय केलं सांगू? व्हाइटनर घेतलं. तेव्हाची मी अशी होते बघा. नोकरी वाचत असेल तर साक्षात यमाच्या चिठ्ठीलाही व्हाइटनर लावलं असतं. ओळ झाकली, फुंकर मारून वाळवत होते, तेवढ्यात प्रिंटरमधून पुढचा रिपोर्ट आला. नंदगडच्या एका म्हाताऱ्याचा. मघाशी स्क्रीनवर स्वच्छ बघितलेल्यांपैकीच एक.

त्याच्याखाली होतं, "आईचं रक्त परत बघा. तिला जाऊ देऊ नका."

व्हाइटनर साडीवर सांडलं. खोलीत मी एकटी, वर पंखा चालू, आणि कुणीतरी माझ्या खांद्याशी उभं राहून मी वाचते का ते बघतंय... मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. दोन्ही कागद घेऊन तशीच महावीरकडं पळाले. महावीर आमचा टेक्निशियन, चिकोडीकडचा.

तो कागद न बघताच म्हणाला, "परत सुभेदार झाला व्हय?"

"गुंजीच्या पोरीचं रक्त परत घे."

"आकडे चांगलं हाईत की वो."

"घे म्हणते ना. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगते."

माझा चेहरा बघून तो उठला. रेणुकाचा नवरा कुरकुरला, गाडी चुकली. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात प्लेटलेट इतक्या खाली होत्या की महावीरनं मशीन पुन्हा चालवून बघितलं. आधीच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालती. चूक त्याची, त्यात गूढ काही नाही. रेणुकाला तिथूनच दवाखान्यात हलवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गुंजीला पोचली असती तर परत आली नसती.

ती वाचली. पोटात नुकतंच राहिलेलं मूल मात्र राहिलं नाही. पोटात मूल आहे हे तिला स्वतःलाही तिथंच कळलं.

चिठ्ठ्या का बदलल्या ते मला कळतं. कोऱ्या कोडमधून ओळ कशी छापली गेली, ते इतकी वर्षं डोकं खाजवूनही कळलेलं नाही. नातवाला विचारलं, तो इंजिनिअर. म्हणाला, जुनी फाइल कुठंतरी राहिली असेल. असेल बाबा. पण त्या फाइलीत हे शब्द कुणी लिहिले?

बरी झाल्यावर रेणुका लॅबमध्ये येऊन गेली. मी तिला सगळं सांगितलं, व्हाइटनरसकट. अजून त्या खोलीत एकटी बसायला भीती वाटते, हेही सांगितलं. ती पदरानं डोळे पुसून म्हणाली,

"तुम्ही कशाला भ्यालासा वो आक्का? माझ्याच लेकराला भ्यायचं व्हय? बोलायला दुसरं कोन न्हवतं त्येला, म्हणून तुमच्याजवळ आलतं."