कोंबडी धरणारी मुलगी

“तू धर. तुला सवय असेल.”

मिस वर्गासमोर उभ्या होत्या. पायाशी टोपली, टोपलीत पाय बांधलेली गावरान कोंबडी. इंग्रजी शाळा, इयत्ता तिसरी. “हू विल होल्ड हर?” असं मिसनी आधी विचारलं होतं. मुलींनी नाकं दाबली, मुलं मागे सरकली. मग मिसनी हजेरीपट उघडला. आडनावांवरून बोट खाली नेलं आणि माझ्या आडनावावर थांबवलं.

मला सवय नव्हती. आम्ही विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. बाबा वर्ध्याकडून आलेले, कारखान्यात फिटर. मी जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता. तरी उठले. नाही म्हणता येतं, हेच माहीत नव्हतं.

आमच्याकडे सायन्स आणि इंग्लिश एकाच तासात चालायचं. जिवंत वस्तू बघितली की शब्द डोक्यात बसतो, असं मिस म्हणायच्या. खरं आहे ते. एकेक जण पुढे येई, चोचीला बोट लावी आणि म्हणे, “धिस इज अ बीक.” मग तुरा. पंख. नखं. सगळ्यांची पाळी आली. माझी नाही. माझे हात अडकलेले. पंखांखाली तिचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या तळव्यांना कळत होतं. तिने माझ्या फ्रॉकवर घाण केली. वर्ग हसला.

नंतर सगळ्यांनी चित्राखाली शब्द लिहिले. मी हात धुऊन येईपर्यंत घंटा झाली. मिसनी माझा कागद उंच धरला.

“अरे वा! कोंबडी हिच्याच हातात, आणि कागद कोरा.”

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “गुमान धरत जाय. त्याइनं काढून टाकलं तं कुठं जाशीन?”

मी गुमान धरत गेले. गांडूळ. बेडूक. पंख मोडलेलं कबुतर.

मग एका मुलीच्या घरचा पांढरा ससा आला. तिचे बाबा सॉफ्टवेअरमध्ये, नुकतेच अमेरिकेहून परतलेले. ससा हातोहात फिरला. यावेळी मी स्वतःहून हात पुढे केले.

“तू राहू दे गं,” मिस म्हणाल्या. “आधीच घाबरलाय तो.”

मी हात मागे घेतले. माझे हात कशाला चालतात आणि कशाला चालत नाहीत, ते तेव्हा लख्ख कळलं. आठ वर्षांची होते.

आठवड्याभराने बादलीतून खेकडा आला. मिस माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “ये.”

मी उठले नाही.

“मिस, मी नाही धरणार. मला लिहायचंय.” मराठीत बोलले. शाळेत आम्हा मुलांना मराठी बोलायला मनाई होती.

“मग काय मी धरू?”

“हो, मिस.”

कुणी हसलं नाही. मिसनी बादलीत डोकावून पाहिलं. हात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. “अहो, प्रत्येक वेळी पहिला मान हिलाच देतो आम्ही,” मिस म्हणाल्या, “आणि हिची मिजास बघा.” आईने हात जोडले. माझी मान खाली दाबली. “माफी माग.” मान वाकली. तोंड उघडलं नाही. वर्ष संपेपर्यंत त्या तासाला मी दाराबाहेर उभी राहिले. आतून ऐकू येणारे शब्द भिंतीला वही टेकवून लिहीत राहिले.

आता मी अशाच एका शाळेत दुसरीला सायन्स शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात गोगलगायी आणल्या. सुपरवायझर मॅडम बघायला आल्या होत्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बोट करून म्हणाल्या, “तिला द्या धरायला. तिची आई आपल्याकडे संडास धुते. तिला काही वाटायचं नाही.”

मुलीने ऐकलं. पेन्सिल खाली ठेवून ती उठू लागली.

चारचौघांत बोलायला मी अजूनही लाजते. पण बोलले. “तू बस. लिही. मॅडम, तुम्ही धरा.”

उर्मटपणाची तक्रार झाली आहे. प्रिन्सिपॉलनी सोमवारी लेखी माफी घेऊन यायला सांगितलंय. आई फोनवर रडली. तिचं तेच म्हणणं, काढून टाकलं तर?

टाकू देत. मी एक अक्षर लिहून देणार नाही. आणि पुढच्या शाळेतही हेच बोलेन.