आकडा गेला

सी शाझलींनी पिशवीतून पांढरी कोरी टोपी काढली. मन्नूबियानं दिलेलं काटेबोंड टोपीच्या लोकरीवर एकदा ओढलं, दोनदा ओढलं आणि ते गप्प झाले. एरवी ट्युनिसहून बोंडं न्यायला आलेला हा टोपीवाला पोत्याजवळ येतानाच मालाला नावं ठेवायला लागायचा.

“खाला, दुसरं दे बघू.”

दुसरं दिलं, दहावं दिलं. बोंडं दिसायला काय देखणी, कोंबडीच्या अंड्याएवढी! पण मेल्यांचे काटे सरळ. टोकाला आकडा असेल तर लोकर उचलली जाते, टोपी मखमलीसारखी मऊ होते. सरळ काटा नुसता टोचतो.

“रानटी झाडांची भेसळ झालीय,” सी शाझली म्हणाले. “जुनं बी असेल ना मूठभर?”

“सगळं पेरलं.”

“गावात कुणाकडं?”

“आता लावतंय कोण आमच्याशिवाय?”

ओढ्याकाठी रानटी काटेबोंडं माजतात. त्यांच्या परागानं शेतातलं बी बिघडू नये म्हणून ती फुलायच्या आत छाटायची, हे तिच्या नवऱ्याचं, लमीनचं काम. दोन उन्हाळ्यांमागं नेमका तो अंथरुणाला खिळला. ‘ओढा साफ केलास का गं?’ रोज तेच. कधी डोळे मिटेल सांगता येत नव्हतं, अशा माणसाला टाकून बाईनं कोयता घेऊन जायचं? तिनं सांगून टाकलं, ‘केला, सगळा.’ त्या हंगामाचं बी तिनं पेरलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी ही बोंडं. तोवर कळणार तरी कसं?

“पण लमीन मला म्हणाला होता,” सी शाझली टोपी चाचपत म्हणाले, “शेवटचा भेटलो तेव्हा. म्हणाला, बायकोनं ओढा साफ केलाय. आजोबांचं बी आहे, मी गेलो तरी ते राहील.”

मन्नूबियाला मान वर करवेना.

“मी गेलेच नव्हते ओढ्यावर,” ती म्हणाली. “त्याला खोटं सांगितलं.”

सी शाझली उठले. टोपी पिशवीत घालून ते ट्युनिसच्या बसकडे निघाले. पुढच्या खेपेचं त्यांनी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मग ती पोत्याशी बसून ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. तो निदान सुखानं गेला होता.