हॉकीचा संघ आणि राजपुऱ्यातला दवाखाना

माझे यजमान तापानं गेले तेव्हा त्यांच्यामागे कापसातली सरकी काढायचा एक जिन होता आणि हॉकीचा एक संघ. जिन दिरांनी हातात घेतला. संघाचं नाव निघालं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तो दादांचा शौक होता. आता खेळाडूंना मोकळं करू."

मी म्हटलं, "संघ मी चालवीन."

ते म्हणाले, "मैदानावर कोण जाणार?"

"मीच जाईन."

खेळाडू सगळे पगारी होते. दिवसा कुणाचं जिनावर काम, कुणाचं घरचं, संध्याकाळी सराव. मी पडदा लावलेल्या टांग्यातून जायची आणि मैदानाच्या कडेला थांबायची. पहिल्या वर्षी लोक खेळ सोडून टांग्याकडेच बघायचे. पुढे त्यांना सवय झाली आणि मीही पडदा बाजूला सारून बसू लागले. खंडव्याला, भुसावळला आमचा संघ जिंकून यायचा. मी मुलींच्या शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या, उन्हाळ्यात पाणपोया घातल्या. गावात मला मान मिळू लागला. तो मला आवडत होता, हे आज कबूल करते.

संघातला सगळ्यात चांगला खेळाडू आमच्या बुऱ्हानपुरातल्या लोधीपुऱ्यातला विणकर होता. मधल्या फळीत खेळायचा. तो असला की बाकीचे निर्धास्त असत. त्या वर्षी आम्ही खंडव्याच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. आदल्या दिवशी सकाळी तो आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. गुडघा सुजून दुप्पट झाला होता.

"माई, पाय टेकवत नाही," तो म्हणाला.

मी गुडघा पाहिला. नीट पाहिला, हे मला आठवतं. तरी म्हटलं, "उद्याचा एक सामना खेळ. मग महिनाभर बस घरी, पगार चालू राहील."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

सामना आम्ही जिंकलो. उत्तरार्धात तो दोनदा पडला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. बुऱ्हानपूरला परतलो तोवर अंगात ताप भरला होता. पायात पू झाला, तो वर चढत गेला. डॉक्टरांनी शेवटी मांडीपासून पाय कापला, म्हणून जीव वाचला.

विणकराला माग चालवायला दोन पाय लागतात. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पट्ट्या, पावड्या, आळीपाळीनं दाबाव्या लागतात. हे मला त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं. मागावर त्याची बायको बसली होती आणि तो भिंतीला टेकून सूत गुंडाळत होता. मी महिन्याच्या खर्चाचं बोलले. त्यानं मान खाली घातली. बायकोनं माग थांबवला.

"माई, पैसे ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "एकच सांगा. तुम्ही खेळ म्हणालात, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं असतं का?"

ती पुन्हा मागाकडे वळली. मी पैसे न ठेवताच टांग्यात येऊन बसले.

त्यानंतर वर्षभर संघ कुठेच गेला नाही. दिरांना वाटलं, मी कंटाळले. मी राजपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या आणि तिथे दवाखाना उघडला. हाडं बसवणारा एक जाणता माणूस आणि एक कंपाउंडर ठेवला. कुणीही यावं, खेळाडू असो की हमाल. दारावर माझं नाव लावायचं ठरत होतं, ते मी लावू दिलं नाही.

मग मी त्या विणकराला दवाखान्यात कामाला ये म्हणून निरोप धाडला. तो वर्षभर आला नाही. एक दिवस कुबड्या घेऊन आला. म्हणाला, "काम करीन. पण संघ पुन्हा उभा केलात तर कोण खेळेल आणि कोण नाही, ते मी ठरवीन. त्यात तुम्ही बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

संघ पुन्हा उभा राहिला. एकदा ऐन सामन्याच्या सकाळी त्यानं आमच्या दोघा चांगल्या गड्यांना बाहेर बसवलं. एकाचा घोटा मुरगळला होता, दुसऱ्याला कणकण होती. मी टांग्यातून उतरले नाही. तोंडाशी आलेले शब्द गिळणं मला फार जड गेलं. आम्ही हरलो. पुढेही बरेच सामने हरलो, आणि सभा-समारंभांना मला बोलावणारे लोक हळूहळू कमी झाले.

तो शेवटपर्यंत दवाखान्यात होता. त्याची बायको मात्र त्या पायऱ्या कधी चढली नाही. बाजारात समोर आली तर पदर सावरून बाजूला उभी राहायची. मी विचारायची, "कशी आहेस?"

"चाललंय, माई," ती म्हणायची. त्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही.